तटस्थ देशातला थांबा

आमच्या मुलीला पश्चिम आशियात जायचा हुकूम आला तेव्हा तिची मुलगी अजून वर्षाची व्हायची होती. मुलगी नर्स आहे आणि अमेरिकन लष्कराच्या राखीव दलात आहे. महिन्यातला एक वीकएंड आणि उन्हाळ्यातले दोन-तीन आठवडे, एवढंच ते काम असतं असं ती आम्हाला सांगायची, आणि बरीच वर्षं ते तेवढंच होतं. बाळंतपणानंतर वर्षभर बाहेर पाठवत नाहीत असा नियम आहे. तो मी स्वतः वाचला. वर्ष म्हणजे बारा महिने, त्यावर एक दिवस नाही. नातीचा वाढदिवस आणि आईचं निघणं यांत जेमतेम महिन्याचं अंतर होतं.

मी विमा कंपनीत जोखमीचे आकडे काढतो. कुठल्या वयाचा, कुठल्या कामातला माणूस किती धोक्यात आहे हे सांगायचं, हेच माझं गेल्या तीसेक वर्षांचं काम. हुकूम आल्यानंतरच्या शनिवारी सकाळी मी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि मुलीसाठी तेच करायला लागलो. नर्स, लष्करी तळावरचं इस्पितळ, नऊ महिने. आकडा लहान आला. समोर बसलेल्या माणसाला मी किती वेळा सांगितलं असेल की आकडा लहान आहे, काळजीचं कारण नाही. त्या दिवशी मी त्या आकड्याकडे बघत राहिलो आणि तो मला लहान वाटेना.

बायकोनं दारातून विचारलं, "किती आला?"

मी सांगितलं नाही.

"सांगायचा नाही तर काढता कशाला?" असं म्हणून ती खाली निघून गेली. थोड्या वेळानं मिक्सरचा आवाज सुरू झाला. मुलीबरोबर द्यायला मेतकूट. त्या महिन्यात आमच्या घरात मेतकूट इतकं झालं की शेवटी शेजारच्या तेलुगू कुटुंबाला डबा भरून दिला.

वाढदिवसासाठी व्याही-विहीण आयर्लंडहून आले. आमचा जावई आयरिश आहे. इथल्या विद्यापीठात दोघांची ओळख झाली, आता तो औषधांच्या एका प्रयोगशाळेत आहे, आणि दोघं आमच्या मॉरिसव्हिलच्या घरापासून पंधरा मिनिटांवर राहतात. त्यांचं घर लहान, म्हणून त्याच्या आईवडिलांचा मुक्काम आमच्याकडे. खालची खोली आम्ही त्यांच्यासाठी नवीन पडदे लावून तयार केली. विहीण हा शब्द माझ्या बायकोनं त्यांना लग्नाच्या वेळीच शिकवला होता. तो त्यांना इतका आवडला की त्या फोनवर स्वतःची ओळख "विहीणबाई बोलतेय" अशी करून देतात. इंग्रजीत आपल्या या नात्याला शब्दच नाही, ही फार मोठी गैरसोय आहे, असं त्यांचं म्हणणं.

विहीणबाई निवृत्त शिक्षिका. व्याही निवृत्त सार्जंट. तिकडचं सैन्य लहान, पण त्यातले लोक निळी टोपी घालून शांतिसेनेत जगभर जातात. व्याही तीनदा दक्षिण लेबनॉनला जाऊन आलेले. आणि विहीणबाई गेली वीस वर्षं महिन्यातल्या एका ठरलेल्या रविवारी पश्चिम आयर्लंडच्या विमानतळाबाहेरच्या चौकात पाटी घेऊन उभ्या राहतात. पाटीवर लिहिलेलं असतं की अमेरिकन फौजेची विमानं इथं उतरू देऊ नका, हा देश तटस्थ आहे. आमची मुलगी त्याच फौजेत. लग्नाआधी सासू-सुनेनं हा विषय एकदा दार बंद करून बोलून घेतला होता. आत काय ठरलं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही, पण दोघींचं छान जमतं.

व्याही त्यांना दर वेळी गाडीनं त्या चौकात सोडतात आणि स्वतः गाडीतच पेपर वाचत, थर्मासमधला चहा पीत बसतात.

"निषेधाला ड्रायव्हर कोण, तर पेन्शनीतला शिपाई," विहीणबाई म्हणाल्या.

"निषेध फुकट असतो. पेट्रोल माझं जातं," व्याही म्हणाले.

हे सगळं बोलणं आमच्या जेवणाच्या टेबलावर, थालीपिठं खाताना. व्याह्यांना थालीपीठ लोण्याबरोबर आवडतं. खरं तर लोणी थालिपिठाबरोबर आवडतं म्हणायला हवं. वाढदिवसाच्या आदल्या दिवशीची सकाळ होती. मुलगी, जावई, नात सगळे आले होते. जावई नातीला भरवता भरवता सहज म्हणाला, "मागच्या वेळी हिच्या युनिटची माणसं गेली ना, त्यांचं विमान तेल भरायला आपल्याच विमानतळावर थांबलं होतं. दोन तास. एकानं तर तिथून मेंढीचं चित्र असलेला टॉवेल आणला."

 मग व्याह्यांनी तो विमानतळ त्यांच्या घरापासून किती लांब ते स्वतःशीच म्हटल्यासारखं सांगितलं. "चाळीस मिनिटं. ट्रॅक्टर आडवा नाही आला तर."

मी विचारलं, "तटस्थ देशात हे चालतं कसं?"

मला खरंच कळत नव्हतं. शाळेत नागरिकशास्त्रात अलिप्ततावाद हा प्रश्न पाच मार्कांना हमखास यायचा आणि मी तो पाठ केला होता. पण त्या उत्तरात विमानात तेल कोण भरतं हे नव्हतं. माझ्या प्रश्नानं नवरा-बायकोचं भांडण सुरू झालं. ते इतकं सरावाचं होतं की जावयानं न बघता मुलीला चहा ओतून दिला.

व्याही म्हणाले, "आमच्याकडे कोणालाही विचारा, तटस्थता हवी म्हणेल. मीही म्हणेन. पुढचा प्रश्न विचारा की तटस्थता म्हणजे काय, मग जितकी माणसं तितकी उत्तरं. आमच्या आकाशात अनोळखी विमान आलं तर हाकलायला आमच्याकडे विमान नाही. शेजाऱ्यांची येतात. जहाजं आहेत, ती चालवायला माणसं नाहीत म्हणून धक्क्याला बांधलेली. आमच्या समुद्राच्या तळातून अर्ध्या जगाच्या इंटरनेटच्या केबली जातात, त्यांच्यावर कोणी घिरट्या घातल्या तर आम्ही काय करणार, तर रागानं बघणार. युरोपातल्या शेजाऱ्यांबरोबर मिळून राखण केली तर ती काय लढाई झाली?"

"आधी राखण म्हणायचं," विहीणबाई म्हणाल्या. "मग सराव म्हणायचं. मग एक दिवस कोणाचा तरी पोरगा पेटीतून घरी येतो."

आणि त्या एकदम थांबल्या. सून समोर बसली होती.

मुलीनंच सावरलं. "इट्स ओके. तुमचं ते तीन कुलपांचं सांगा ना बाबांना. त्यांना रूल्स फार आवडतात."

तर तिकडे असा नियम आहे की बाराहून जास्त सैनिक परदेशात लढाऊ कामावर पाठवायचे तर तीन परवानग्या लागतात. सरकारची, संसदेची आणि सगळ्या राष्ट्रांच्या जागतिक सभेची. याला ते तिहेरी कुलूप म्हणतात. आताच्या सरकारला तिसरं कुलूप काढायचं आहे. सरकारात दोन जुने पक्ष आहेत, जे शंभर वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडून जन्माला आले आणि आता एका टेबलावर बसतात. व्याही त्यांतल्या एकाला मत देतात, कारण त्यांचे वडील देत. विहीणबाई विरोधातल्या डाव्यांना. तिकडे मतपत्रिकेवर पसंतीचे क्रमांक घालायचे असतात.

"ही ज्याला पहिला क्रमांक देते त्याला मी शेवटचा देतो," व्याही म्हणाले. "त्यामुळे घर म्हणून आम्ही तटस्थ."

"सभेतल्या एखाद्या बड्या देशानं नकार दिला की आमची माणसं जाऊ शकत नाहीत, हे मला पटत नाही," ते पुढे म्हणाले. "आमची पोरं कुठं जाणार ते दुसऱ्यानं का ठरवावं?"

"कारण तुम्ही स्वतः ठरवायला लागलात की नेहमी हो म्हणता," विहीणबाई म्हणाल्या.

मग व्याह्यांनी वातावरण हलकं करायला एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या देशात दोन्ही बाजूंची विमानं चुकून उतरायची, कोसळायची. वैमानिक जिवंत सापडला की त्याला छावणीत ठेवायचे. एका कुंपणात इंग्रज, शेजारच्या कुंपणात जर्मन. पळणार नाही असा शब्द द्यायचा आणि सायकल घेऊन गावात बिअर प्यायला जायचं, घोड्यांच्या शर्यती बघायच्या. व्याह्यांचे आजोबा तिथं पहाऱ्यावर होते.

"कोण पळतंय यापेक्षा कोण सायकलवरून पडतंय याच्यावरच लक्ष ठेवावं लागायचं," व्याही म्हणाले.

"आणि इंग्रजांना नंतर गुपचूप सीमेपलीकडे सोडून दिलं, तेही सांग," विहीणबाई म्हणाल्या.

"सांगतोय ना. दम धर की जरा."

सगळे हसले. माझी बायकोसुद्धा हसली, बऱ्याच दिवसांनी. मी विचारलं, "म्हणजे एकदा अडकवलेला माणूस परत लढाईवर जाऊ शकत नव्हता?"

"ठेवलं तोवर नाही."

"आणि सुरक्षित?"

"त्याच्याइतका सुरक्षित माणूस तेव्हा युरोपात शोधून सापडला नसता," व्याही म्हणाले आणि आणखी लोणी घेतलं.

त्या क्षणापासून माझं डोकं दुसरं काही करेना. वाढदिवसाला औक्षण झालं, नातीनं केकमध्ये दोन्ही हात घातले, माझ्या हातात कॅमेरा होता आणि मी फोटो काढत होतो. पण मनात एकच चालू होतं. तटस्थ देश. दोन तास. चाळीस मिनिटं. विमानातून सगळ्यांना उतरवतात, आतल्या हॉलमध्ये बसवतात. त्या हॉलला दार असणारच.

पुढच्या दोन दिवसांत सापडेल ते सगळं मी वाचलं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की लढणाऱ्या देशाचं सैन्य तटस्थ देशाच्या हद्दीत आलं तर त्या देशानं त्याला अडकवून ठेवावं, शक्य तितकं रणभूमीपासून लांब. हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल! माझ्या विचारातल्या भोकांचीही मी नीट नोंद घेतली. त्यात 'युद्ध' असा शब्द होता, आणि आजकाल युद्ध कोणी जाहीर करत नाही. ही विमानं परवानगी काढून येतात. मुलीचं विमान तिथं थांबेलच असंही नाही. जर्मनीतून जाऊ शकतं, आणखी कुठून. दुसऱ्या कोणी हे कागद माझ्यासमोर ठेवले असते तर मी पाच मिनिटांत परत केले असते. तरी मी ते परत परत उघडत होतो.

नातीला बाबागाडीत घालून विहीणबाई रोज सकाळी तळ्याभोवती फिरायला जात. तिसऱ्या दिवशी मी बरोबर गेलो. पाइनच्या झाडांखालून रस्ता जातो. थोडं अंतर गेल्यावर मी विचारलं, "ती त्या हॉलमधून बाहेर आली, तर तुम्ही तिला ठेवून घ्याल का?"

त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळलं. बाबागाडी थांबली.

"वीस वर्षं मी त्या चौकात उभी राहतेय," त्या म्हणाल्या. "सैनिकांनो, बाहेर या, घरी जा, असं ओरडलेसुद्धा आहे. एकही आला नाही. आणि आला तर काय करायचं हे आम्ही कधी ठरवलेलंच नाही. बैठका होतात आमच्या. पत्रकं कोण छापणार, सँडविच कोण आणणार हे ठरतं. हे नाही ठरलं कधी."

"पण ठेवाल का?"

"मी ठेवीन हो. पण देश ठेवणार नाही. पोलीस येतील, विचारतील, आणि तिला परत नेतील. आमची तटस्थता तुम्हाला वाटते तेवढी जाड नाही. म्हणून तर मी तिथं उभी राहते." मग म्हणाल्या, "आणि पोलिसांना फोन बहुतेक माझा नवराच करील."

नात गाडी थांबली म्हणून रडायला लागली. आम्ही पुढे चालू लागलो.

त्याच दुपारी मी व्याह्यांनाही विचारलं. घरामागच्या लाकडी डेकचा एक कठडा हलत होता, तो ते आपण होऊन दुरुस्त करत होते. स्क्रू तोंडात धरून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग स्क्रू काढून हातात घेतले.

"नाही," ते म्हणाले. "तुम्ही बाप आहात म्हणून मी रागावत नाही. मी तीनदा गेलो. माझी आई तीनदा दारात उभी राहिली. तिनं माझ्यासाठी असं कोणाला विचारलं असतं, तर मी तिच्याशी पुन्हा बोललो नसतो."

"पण तुम्ही शांतिसेनेत होतात. तुमच्यावर गोळ्या..."

"गोळीला टोपीचा रंग दिसत नाही," ते म्हणाले आणि पुन्हा कठड्याकडे वळले.

मला वाटलं विषय संपला. पण विहीणबाई वेगळ्या. त्या संध्याकाळी सगळे पिठलं-भात खात असताना त्यांनी चमचा खाली ठेवला आणि सुनेला म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी मला एक प्रश्न विचारलाय. तुझ्या पाठीमागे मी त्याचं उत्तर देणार नाही. तूच दे." आणि त्यांनी सगळं सांगितलं. कमी नाही, जास्त नाही.

मुलगी आधी हसली. "बाबा, आर यू सीरियस? मी डेझर्ट करू? फौजेतून पळून जाऊ? रीफ्युएलिंग स्टॉपवर? डायपर बॅग घेऊन?"

जावई हसला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटतं त्या एका क्षणी तो माझ्या बाजूचा होता. मग त्यानं मान खाली घातली.

मुलीनं माझा चेहरा बघितला आणि तिचं हसू गेलं. ती मराठीत बोलायला लागली. ती मराठीत बोलते तेव्हा सावकाश बोलते, एकेक शब्द आधी शोधते.

"बाबा, मी नाही गेले तर माझी जागा रिकामी नाही राहत. लिस्टवर माझ्याखाली जी आहे ती जाणार. तिला दोन मुलं आहेत. मी तिला ओळखते. आई म्हणाली तू माझा आकडा काढलास. तिचा काढलास का?"

मी काढला नव्हता.

आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात की जोखीम नाहीशी होत नाही, ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते. हे मी नवीन मुलांना शिकवतो. माझ्या मुलीनं ते मला माझ्याच टेबलावर शिकवलं आणि मला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. मी म्हणालो, "ती माझी मुलगी नाही."

माझ्या बायकोनं ताटं उचलायला घेतली, ज्यांचं जेवण व्हायचं होतं त्यांचीसुद्धा.

त्यानंतर आमच्या घरात सगळे एकमेकांशी फार जपून वागायला लागले. व्याही-विहीण ठरल्या दिवशी परत गेले. एअरपोर्टवर व्याह्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. कठडा आता हलत नाही, एवढंच म्हणाले.

दोन आठवड्यांनी मुलगी गेली. आम्हाला एका शाळेच्या जिममध्ये बोलावलं होतं, बास्केटबॉलच्या रिंगखाली घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. नात आईच्या गणवेशावरची पट्टी ओढून काढायचा प्रयत्न करत होती. ती चिकटपट्टीची असते, निघते. मुलीनं ती तिला देऊन टाकली. आधी त्यांना इथल्याच एका तळावर काही दिवस तयारीला ठेवतात. कधी उडणार, कुठून जाणार ते सांगायचं नाही असा नियम. मी विचारलं नाही. नियम तिनं मोडावा असं माझं एकदा सुचवून झालं होतं.

नात आणि जावई आमच्याकडे राहायला आले. खालच्या खोलीत, त्याच नव्या पडद्यांत. जावई सकाळी बाळाची दुधाची बाटली धुताना आयरिश बातम्या लावतो. संसदेत कुलपांवरून आरडाओरडा चाललेला असतो. एक बाजू म्हणते की जग बदललं, दुसरी म्हणते की म्हणूनच दार उघडू नका. पूर्वी मला यातलं ओ की ठो कळत नसे. आता कोणता पक्ष काय म्हणतो ते मी सांगू शकतो. इतक्या लांबच्या, इतक्या छोट्या देशाचं राजकारण मी इतक्या आशेनं कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं. मला वाटायचं, यांच्यातलं कोणीतरी उठून म्हणेल की आजपासून एकही विमान उतरणार नाही. किंवा उतरेल, पण पुढे जाणार नाही.

त्या रविवारी सकाळी आम्ही पोहे खात होतो. जावयाचा फोन वाजला. त्यानं बघितलं, उठला, आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला.

"हाय," मुलीचा आवाज. "मी चहा पितेय. टॉवेल्स आहेत. मेंढ्यांचे."

तिनं गावाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. तिकडे दुपार झाली असणार. बायकोनं विचारलं, जेवलीस का. जावयानं विचारलं, झोप मिळाली का. नातीनं फोनवर पोह्यांचा हात ठेवला. मग मुलगी म्हणाली, "बाबा आहे का तिथे?"

"आहे."

"बाहेर पाऊस आहे. काचेतून काही दिसत नाही."

मी इतके दिवस ठरवून ठेवलं होतं की असा फोन आलाच तर काळजी घे म्हणायचं, बाकी एक शब्द नाही. मी म्हणालो, "दार कुठल्या बाजूला आहे?"

तिथल्या लाउडस्पीकरवर कसलीशी घोषणा चालू होती.

"बाबा," ती म्हणाली. रागानं नाही. लहानपणी ताप आल्यावर हाक मारायची तशी. मग कोणीतरी तिला बोलावलं, आणि फोन बंद झाला.

मी तारीख बघितली तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो विहीणबाईंचा रविवार होता.

त्यांचा फोन दुपारी आला. त्या नेहमीप्रमाणे चौकात उभ्या होत्या. लांबून धावपट्टीवर एक पांढरं विमान उतरताना दिसलं, सैनिक नेतात त्या कंपनीचं. अशी कित्येक विमानं त्यांनी मोजली आहेत. जावयानं इकडून मेसेज केला आणि त्यांनी पाटी तशीच हातात घेऊन चालायला सुरुवात केली. गाडीजवळ पोचल्या तेव्हा व्याही पेपर वाचत होते. त्यांनी नुसतं सांगितलं, "ती आत आहे." व्याह्यांनी थर्मासचं झाकण लावलं, गाडीतून उतरले आणि बरोबर निघाले. वीस वर्षांत पहिल्यांदा.

प्रवासी बाहेर येतात त्या हॉलपर्यंत कोणालाही जाता येतं. दारात एक पोलीस होता, विहीणबाईंना वर्षानुवर्षं ओळखणारा. त्यांच्या हातातली पाटी बघून म्हणाला, "बाई, आज आत? आत पाटी चालत नाही, माहितीय तुम्हाला."

"माझी सून आहे आत."

 तो म्हणाला, तिकडचा भाग वेगळा आहे, तिथून इकडे कोणी येत नाही, माझ्याही हातात नाही. पण तो त्यांना जा असंही म्हणाला नाही. पाटी व्याह्यांनी घेतली आणि अक्षरं छातीकडे करून धरली. तिथं नावांच्या पाट्या घेऊन ड्रायव्हर उभे असतात, त्यांच्या रांगेत हे दोघं. दार आपोआप उघडायचं, कोणी बॅगा ढकलत बाहेर यायचं, दार बंद व्हायचं.

"दर वेळी मी मान वर करत होते," विहीणबाई म्हणाल्या. "मला माहीत होतं की त्या दारातून ती येऊच शकत नाही. तरी करत होते."

विमान उडाल्याचं पोलिसानंच येऊन सांगितलं.

मी फोन कानाला धरून डेकवर उभा होतो.  मी म्हणालो, मी तुम्हाला उगाच त्या प्रश्नात ओढलं.

"एक सांगते," त्या म्हणाल्या. "आम्ही मॉरिसव्हिलहून परत आलो ना, त्याच आठवड्यात मागच्या खोलीतला पलंग तयार करून ठेवलाय. धुतलेली चादर, दोन उश्या, पायाशी गरम पाण्याची पिशवी. मी नाही केला. मी शाळेच्या जुन्या मुलांना भेटायला गेले होते, आले तर खोली आवरलेली. चादरीचे कोपरे असे घट्ट दुमडलेले, बराकीत दुमडतात तसे. मी काही विचारलं नाही, ते काही बोलले नाहीत."

"पोलिसांना फोन तेच करणार होते ना?"

"तेच. बहुतेक केलाही असता. सकाळी, तिची झोप झाल्यावर."

आता तिला जाऊन चौथा महिना लागला आहे. आठवड्यातून एकदा बोलणं होतं, कधी होत नाही. नात चालायला लागली. आई कुठे विचारलं की फोनकडे बोट दाखवते. मी आकडा परत काढलेला नाही. तिच्याखाली लिस्टवर जी होती, दोन मुलांची आई, तिलाही मागच्या महिन्यात हुकूम आला असं मुलगीच म्हणाली. 

विहीणबाई चौकात जातात, व्याही गाडीत बसतात. संसदेत कुलपाचा वाद चालूच आहे. फोनवर मी दर वेळी चादरीचं विचारतो. काढलेली नाही म्हणतात. परतीची विमानं कुठून जातात ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.